व्हीलॅन टिकले, पोर्ट मात्र जुन्या जागी परतले: स्विच आपले कॉन्फिगरेशन कुठे ठेवतो आणि कसे वाचतो?

प्रश्न: पोर्ट_चोवीस

आमच्याकडे सिस्को आयओएस या कार्यप्रणालीवर चालणारा ४८ पोर्टचा एक ॲक्सेस स्विच (संगणक थेट ज्याला जोडले जातात असा) आहे. काही आठवड्यांपूर्वी त्यावर ३० आणि ४० हे दोन नवे व्हीलॅन (एकाच स्विचवरची स्वतंत्र आभासी जाळी) तयार करण्यात आले, १३ ते २४ हे पोर्ट व्हीलॅन १० मधून काढून ३० मध्ये टाकण्यात आले आणि अपलिंकच्या ट्रंकवर (वरच्या स्विचकडे अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीवर) दोन्ही नव्या व्हीलॅनना परवानगी देण्यात आली. त्यानंतर सर्व काही सुरळीत चालले होते. परवा यूपीएसची बॅटरी उतरली आणि स्विच बंद पडला. वीज आल्यावर तो सुरू झाला खरा, पण १३ ते २४ या पोर्टवरच्या संगणकांना पुन्हा जुन्या सबनेटमधले पत्ते मिळू लागले.

'शो व्हीलॅन ब्रीफ' ही कमांड दिल्यावर ३० आणि ४० हे दोन्ही व्हीलॅन आपापल्या नावांसह दिसतात, मात्र त्यांच्यासमोर एकही पोर्ट नाही. १३ ते २४ हे सर्व पोर्ट १० मध्ये आहेत आणि ट्रंकवरची परवानगीची यादीही जुनीच आहे. मला न सुटलेले कोडे असे की, बदल जतन झालेच नसतील तर व्हीलॅन कसे टिकले? आणि जतन झाले असतील तर पोर्टची मांडणी कुठे गेली? फाइल अर्धवट लिहिली जाऊन खराब झाली, असे घडू शकते का?

दुसरा प्रश्न याला जोडूनच आहे. बदल केले त्या दिवशी घेतलेली कॉन्फिगरेशनची प्रत टीएफटीपी (फाइली पाठवण्याची एक साधी पद्धत) सर्व्हरवर आहे. ती परत चढवायची असेल तर थेट चालू कॉन्फिगरेशनवर चढवावी की स्टार्टअपवर (स्विच सुरू होताना वाचतो त्या प्रतीवर)? या दोहोंत नेमका काय फरक पडतो, हे मला कामचलाऊ उत्तराऐवजी मुळातून समजून घ्यायचे आहे.

उत्तर १: कन्सोल_केबल

आपली फाइल खराब झालेली नाही. स्विचने जे करायला हवे तेच केले आहे, आणि आपल्या कोड्याचे उत्तर असे की या स्विचमध्ये 'कॉन्फिगरेशन' एका ठिकाणी नसतेच. ते निदान तीन ठिकाणी विभागलेले असते आणि प्रत्येक भाग लिहिला जाण्याची वेळ वेगळी असते.

पहिला भाग म्हणजे रनिंग-कॉन्फिग, अर्थात चालू कॉन्फिगरेशन. ती रॅममध्ये असते हे आपल्याला ठाऊक असेलच, पण तिच्याविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. रॅममध्ये कुठेतरी एक मजकुराची फाइल पडून आहे आणि आपण टंकलेली प्रत्येक ओळ तिच्यात जोडली जाते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात आपण कमांड देताच ती संबंधित प्रक्रियेच्या स्मृतीतल्या रचनांमध्ये जाते आणि तिथून हार्डवेअरपर्यंत पोहोचते. मूळ ओळ तशीच्या तशी कुठे ठेवली जात नाही. 'शो रनिंग-कॉन्फिग' विचारल्यावर 'बिल्डिंग कॉन्फिगरेशन' असा संदेश येऊन क्षणभर थांबावे लागते, ते याच कारणाने. त्या क्षणी स्विच आपल्या सद्यस्थितीवरून सगळा मजकूर नव्याने रचत असतो, आणि रचताना जे मूल्य मुळातलेच आहे ते सहसा लिहितही नाही. मूळ मूल्यांसह सर्व काही पाहायचे असल्यास त्याच कमांडच्या शेवटी 'ऑल' जोडावे लागते. वीज गेली की ही सारी स्थिती नाहीशी होते.

दुसरा भाग स्टार्टअप-कॉन्फिग. तिचे स्थान एनव्हीरॅम (वीज गेली तरी टिकणारी स्मृती) असे सांगितले जाते, पण कॅटॅलिस्ट २९६० सारख्या स्विचमध्ये त्यासाठी वेगळी चिप नसून फ्लॅशचाच एक हिस्सा एनव्हीरॅमची भूमिका बजावतो. 'शो व्हर्शन' च्या शेवटाकडे '६४के बाइट्स ऑफ फ्लॅश-सिम्युलेटेड नॉन-व्होलाटाइल कॉन्फिगरेशन मेमरी' अशा अर्थाची ओळ दिसते, ती हेच सांगते. फ्लॅशमध्ये ही फाइल कॉन्फिग.टेक्स्ट या नावाने असते. तिच्यात चालू स्थिती उतरते ती फक्त आपण 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' किंवा 'राइट मेमरी' म्हटल्यावर, आणि तेव्हाही तो त्या क्षणाचा पूर्ण मजकूर असतो. या फाइलीत स्विच आपण होऊन काहीही लिहीत नाही.

तिसरा भाग आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे: व्हीलॅन.डॅट ही फाइल. स्विच व्हीटीपीच्या (व्हीलॅनची यादी स्विचांमध्ये पसरवणारी सिस्कोची व्यवस्था) सर्व्हर मोडमध्ये असेल, आणि अनेक कॅटॅलिस्ट स्विचवर मूळची स्थिती तीच असते, तर १ ते १००५ या पल्ल्यातल्या व्हीलॅनची यादी रनिंग-कॉन्फिगमध्ये येतच नाही. ती या स्वतंत्र डेटाबेसमध्ये जाते आणि व्हीलॅन कॉन्फिगरेशनमधून बाहेर पडताच फ्लॅशवर लिहिली जाते. 'राइट मेमरी' ची ती वाट पाहत नाही. कोणता पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये आहे ही माहिती मात्र त्या पोर्टच्या इंटरफेसची, म्हणून ती रनिंग-कॉन्फिगमध्ये, म्हणून जतन न केल्यास ती गेली. आपल्याकडे घडले ते एवढेच असावे.

हे पडताळून पाहणे सोपे आहे. 'डिर फ्लॅश:' देऊन कॉन्फिग.टेक्स्ट आणि व्हीलॅन.डॅट या दोन फाइलींच्या तारखा शेजारी शेजारी ठेवा. त्याशिवाय 'शो स्टार्टअप-कॉन्फिग' च्या आरंभी उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळींमध्ये कॉन्फिगरेशन शेवटचे कधी बदलले आणि एनव्हीरॅममध्ये शेवटचे कधी लिहिले, या दोन वेळा नोंदलेल्या असतात. एकच खबरदारी घ्या: या स्विचना बॅटरीवर चालणारे घड्याळ नसल्याने एनटीपी (जाळ्यावरून वेळ जुळवण्याची सोय) लावलेले नसेल तर प्रत्येक वेळी काळ १ मार्च १९९३ पासून सुरू होतो, आणि तसे असल्यास या तारखांवरून कोणताही निष्कर्ष काढता येणार नाही.

ता.क. आपला नवा व्हीलॅन ३० ऐवजी २००० क्रमांकाचा असता तर आपण हा प्रश्न विचारलाच नसता. व्हीटीपीच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत १००६ पासून पुढचे व्हीलॅन या डेटाबेसमध्ये ठेवलेच जात नाहीत. त्यांच्यासाठी ट्रान्सपरंट मोड (इतर स्विचची यादी स्वतःवर लागू न करणारा) लागतो आणि ते रनिंग-कॉन्फिगमध्येच राहतात. जतन न केल्यास तो व्हीलॅनही पोर्टच्या मांडणीबरोबर गेला असता.

उत्तर २: ओळ_दर_ओळ

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. प्रत परत चढवण्याच्या प्रश्नाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण पुष्कळ नुकसान होते ते या टप्प्यावर.

स्विच सुरू होतो तेव्हा प्रथम बूटलोडर जागा होतो, फ्लॅशची फाइल प्रणाली उघडतो, तिथली आयओएसची प्रतिमा रॅममध्ये उलगडतो आणि तिच्या हाती कारभार सोपवतो. मग आयओएस स्टार्टअप-कॉन्फिग उघडते आणि ती वरून खाली, एकेक ओळ करून अशी वाचते की जणू कोणी त्या ओळी कन्सोलवर टंकत आहे. फाइल सापडलीच नाही तर प्रारंभिक मांडणीची प्रश्नोत्तरे सुरू करायची का, असे विचारणारा परिचित संदेश येतो.

'ओळीमागून ओळ' या पद्धतीचे परिणाम दूरगामी आहेत. एखादी ओळ समजली नाही, उदाहरणार्थ आयओएसची आवृत्ती मागे नेली आणि ती कमांड त्या आवृत्तीत नाही, तर स्विच थांबत नाही. कन्सोलवर चुकीच्या जागेखाली खूण दाखवतो, ती ओळ सोडतो आणि पुढे जातो. कन्सोलला कोणी जोडलेले नसेल तर हे कोणाला कळतही नाही. तोपर्यंत ती ओळ निदान स्टार्टअपमध्ये शिल्लक असते. त्यानंतर कोणी सहज 'राइट मेमरी' केले की रनिंग-कॉन्फिगवरून नवा मजकूर रचला जातो, त्यात ती ओळ नसते, आणि ती कायमची जाते. म्हणून आवृत्ती बदलल्यानंतरचे पहिले सुरू होणे कन्सोलवर डोळ्यांनी पाहावे, आणि सगळे तपासल्याखेरीज जतन करू नये, असा माझा आग्रह असतो.

आता आपल्या प्रश्नाकडे. टीएफटीपीवरची प्रत 'रनिंग-कॉन्फिग' वर चढवली तर ती जुन्याच्या जागी येत नाही, जुन्यात मिसळते. ज्या कमांडला एकच मूल्य असते, जसे होस्टनेम किंवा पोर्टचा ॲक्सेस व्हीलॅन, तिथे नवे मूल्य जुन्याची जागा घेते. जिथे अनेक ओळी एकत्र नांदू शकतात, जसे 'एनटीपी सर्व्हर' किंवा लॉगिंगचे पत्ते, तिथे नव्या ओळी जुन्यांच्या सोबत जाऊन बसतात. प्रतीत नसलेली पण स्विचवर असलेली ओळ तशीच राहते, कारण ती काढा असे प्रतीतली कोणतीच ओळ सांगत नाही.

याचा सर्वांत फसवा नमुना व्हीलॅन इंटरफेसवर (स्विचचा स्वतःचा आयपी पत्ता जिथे देतात तिथे) दिसतो. नव्या स्विचवर 'इंटरफेस व्हीलॅन १' मुळात शटडाउन असतो. आपल्या प्रतीत त्याखाली आयपी पत्ता आहे, पण 'नो शटडाउन' ही ओळ नाही, कारण स्विच मजकूर रचताना ती लिहीतच नाही. ही प्रत चालू कॉन्फिगरेशनवर चढवली की पत्ता येतो आणि इंटरफेस बंदच राहतो. तीच प्रत स्टार्टअपवर ठेवून स्विच पुन्हा सुरू केला तर इंटरफेस चालू होतो, कारण सुरू होताना 'शटडाउन' ही ओळ नसणे याचाच अर्थ 'चालू' असा घेतला जातो. एकच फाइल, एकच स्विच, आणि वाट वेगळी म्हणून परिणाम वेगळा.

म्हणून पूर्ण प्रत बसवायची असेल तर ती स्टार्टअप-कॉन्फिगवर चढवा आणि 'रीलोड' द्या. इथे एक जागा फार सांभाळायची आहे. चालू कॉन्फिगरेशनमध्ये न जतन केलेले बदल असतील तर रीलोडपूर्वी स्विच विचारतो, कॉन्फिगरेशन बदललेले आहे, जतन करू का? सवयीने 'यस' म्हटलेत की आपण नुकत्याच चढवलेल्या प्रतीवर जुने रनिंग-कॉन्फिग लिहिले जाईल आणि स्विच पुन्हा जुन्याच रूपात उभा राहील. उत्तर 'नो' द्यायचे.

रीबूट परवडणारे नसेल तर 'कॉन्फिगर रिप्लेस' वापरा. ते चालू स्थिती आणि दिलेली फाइल यांतला फरक काढते, जास्तीच्या ओळी 'नो' लावून हटवते आणि कमी असलेल्या जोडते. त्याला फाइल मात्र संपूर्ण कॉन्फिगरेशनची लागते. चार ओळींचा तुकडा दिल्यास तो बाकीचे सर्व पुसू पाहील. आपल्या बाबतीत फरक मोजक्याच पोर्टचा असल्याने मी हीच वाट धरली असती.

उत्तर ३: सुटा_स्विच

एक मुद्दा राहून जाऊ नये म्हणून थोडक्यात लिहितो. टीएफटीपीवरची ती प्रत म्हणजे संपूर्ण स्विच नव्हे. एसएसएचची (सांकेतिक दूरस्थ लॉगिनची) खासगी किल्ली 'शो रनिंग-कॉन्फिग' मध्ये दिसत नाही, ती वेगळ्या खासगी फाइलीत असते. त्यामुळे स्विच बदलून नवा बसवला आणि प्रत चढवली तरी 'क्रिप्टो की जनरेट आरएसए' दिल्याखेरीज एसएसएच चालू होणार नाही. एसएनएमपीच्या (उपकरणांवर दुरून देखरेख ठेवण्याच्या पद्धतीच्या) तिसऱ्या आवृत्तीचे वापरकर्तेही तिथे दिसत नाहीत. त्यांचे संकेतशब्द त्या स्विचच्या इंजिन आयडीशी (एसएनएमपीमधल्या त्याच्या ओळख-क्रमांकाशी) बांधलेले असतात, म्हणून ते नव्या स्विचवर पुन्हा तयार करावे लागतात. आणि सर्व्हर मोडमध्ये व्हीलॅनची यादी प्रतीत नसतेच, हे तर वर आलेच आहे. पोर्टला 'व्हीलॅन ३०' म्हणणारी ओळ चढते, पण डेटाबेसमध्ये ३० नसेल तर त्या पोर्टवरून काहीही जात नाही. व्हीलॅन.डॅट ची प्रत वेगळी घेऊन ठेवावी, किंवा निदान व्हीलॅनचे क्रमांक आणि नावे लिहून ठेवावीत.

याच कारणाने वापरलेला स्विच दुसरीकडे लावण्यापूर्वी 'इरेज स्टार्टअप-कॉन्फिग' पुरेसे नाही, व्हीलॅन.डॅट सुद्धा पुसावी लागते. जुन्या डेटाबेसचा (प्रत्येक बदलाबरोबर वाढणारा) आवृत्ती क्रमांक जास्त असेल आणि व्हीटीपी डोमेनचे, म्हणजे एकच यादी वाटून घेणाऱ्या स्विचांच्या गटाचे, नाव जुळले, तर व्हीटीपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांमध्ये तो स्विच जोडताक्षणी साऱ्या जाळ्याची व्हीलॅन यादी आपल्यासारखी करून टाकू शकतो.

शिवाय टीएफटीपीवर ना ओळख विचारली जाते ना मजकूर सांकेतिक होतो. कॉन्फिगरेशनमधले सातव्या प्रकारचे संकेतशब्द सहज उलगडता येतात. प्रत पाठवायला एससीपी (एसएसएचवरून फाइल पाठवण्याची पद्धत) वापरणे अधिक बरे.

पोर्ट_चोवीस (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. तपासणी केली. एनटीपी लावलेले आहे, त्यामुळे तारखा विश्वासार्ह आहेत. कॉन्फिग.टेक्स्ट ची तारीख मागच्या वर्षातली निघाली आणि व्हीलॅन.डॅट ची बरोबर त्याच दिवसाची, ज्या दिवशी नवे व्हीलॅन तयार झाले. मोड सर्व्हरच आहे. 'कॉन्फिगर रिप्लेस' ने प्रत चढवली, त्याने फक्त १३ ते २४ हे पोर्ट आणि ट्रंकच्या ओळी बदलल्या, मग जतन केले आणि सारे जागेवर आले.

आता एक विचार मनात येतो. प्रत्येक बदल आपोआप जतन होत राहिला असता तर हा प्रसंग उद्भवलाच नसता. सगळे उत्पादक असेच दोन प्रती वेगळ्या ठेवतात का? आणि स्वयंचलित जतनाची व्यवस्था करून ठेवणे योग्य ठरेल का?

उत्तर ४: कमिट_नंतर

सगळे उत्पादक असे करत नाहीत, आणि त्यांच्या वेगवेगळ्या पद्धती पाहिल्या की या दोन प्रतींचा हेतू अधिक स्पष्ट होतो.

मायक्रोटिकच्या राउटरओएसमध्ये स्टार्टअप असा वेगळा भागच नाही; कमांड दिली की ती लागू होते आणि टिकते. त्याची भरपाई म्हणून तिथे सेफ मोड आहे. कंट्रोल-एक्स दाबून त्यात शिरायचे, आणि आपले सत्र मध्येच तुटले तर त्या मोडमध्ये केलेले बदल मागे घेतले जातात. जुनिपरच्या जुनॉसमध्ये आपण आधी फक्त कँडिडेट (कच्ची) प्रत बदलतो. 'कमिट' म्हणेपर्यंत स्विचच्या वागण्यात काहीच फरक पडत नाही, आणि कमिट झाल्यावर बदल लागू होणे व डिस्कवर जतन होणे ही दोन्ही कामे एकत्रच होतात. चालू आवृत्ती धरून ५० पर्यंत आवृत्त्या तिथे राहतात आणि 'रोलबॅक' च्या पुढे ० ते ४९ मधला आकडा देऊन मागे जाता येते. 'कमिट कन्फर्म्ड' दिल्यास १० मिनिटांत पुन्हा पुष्टी न केल्यास जुने कॉन्फिगरेशन आपोआप परत येते. दूर ठेवलेल्या स्विचवर काम करताना याचे मोल कळते. सोनिक या खुल्या स्विच-प्रणालीमध्ये चालू स्थिती रेडिस डेटाबेसमध्ये असते आणि 'कॉन्फिग सेव्ह' दिल्यावर ती एका जेसन फाइलीत उतरते, म्हणजे तिथला साचा आपल्या स्विचसारखाच आहे. २०११ च्या आरएफसी ६२४१ या इंटरनेट मानकात नेटकॉन्फची (उपकरणांचे कॉन्फिगरेशन हाताळण्याच्या प्रोटोकॉलची) मांडणी करताना रनिंग हा साठा अनिवार्य ठेवला आणि कँडिडेट व स्टार्टअप हे दोन ऐच्छिक ठेवले, ते उपकरणांमधली ही विविधता सामावून घेण्यासाठीच.

स्वयंचलित जतनाबद्दल माझे मत स्पष्टपणे विरोधी आहे. आयओएसमध्ये न जतन केलेली स्थिती ही आपली परतीची वाट आहे. दूरच्या स्विचच्या ट्रंकवर हात घालण्यापूर्वी 'रीलोड इन १०' द्यावे. बदलामुळे संपर्क तुटला तर १० मिनिटांनी स्विच स्वतः पुन्हा सुरू होतो आणि जुन्या स्टार्टअपवर परततो. सर्व ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल' द्यावे आणि मग जतन करावे. दर काही मिनिटांनी कोणी आपोआप जतन करत असेल तर चुकीची स्थितीच स्टार्टअपमध्ये जाऊन बसेल आणि ही वाट बंद होईल. रीबूट नको असेल तर आधी आर्काइव्हचा (कॉन्फिगरेशनच्या प्रती ठेवण्याच्या जागेचा) मार्ग ठरवून 'कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर ५' ने काम सुरू करता येते. ५ मिनिटांत 'कॉन्फिगर कन्फर्म' न दिल्यास बदल मागे जातात.

इथेच आपल्या मूळ कोड्याची दुसरी बाजू दिसते आणि ती पहिल्यापेक्षा अधिक गंभीर आहे. सर्व्हर मोडमध्ये आपण 'रीलोड इन १०' लावून निर्धास्तपणे 'नो व्हीलॅन १०' म्हणालात, तर १० मिनिटांनी स्विच परत येईल, पोर्टच्या ओळी परत येतील, पण व्हीलॅन १० येणार नाही. तो व्हीलॅन.डॅट मधून त्याच क्षणी गेलेला असतो.

जतन विसरले जाण्यावर उपाय हवा असेल तर न जतन केलेला फरक रोज तपासावा. 'शो आर्काइव्ह कॉन्फिग डिफरन्सेस' ला स्टार्टअप आणि रनिंग हे दोन्ही मार्ग दिले की न जतन केलेल्या ओळी अधिक-उणे चिन्हांसह समोर येतात. ही तपासणी एखाद्या स्क्रिप्टने करून फरक आढळल्यास संबंधिताला कळवावे, जतन मात्र माणसाने करावे.

उत्तर ५: कन्सोल_केबल

'रीलोड इन' देऊनही पुसलेला व्हीलॅन परत येत नाही, या वरील मुद्द्याला एक थेट उपाय आहे. आपल्याला व्हीटीपीने व्हीलॅन इतर स्विचवर पसरवण्याची गरज नसेल तर 'व्हीटीपी मोड ट्रान्सपरंट' करा आणि लगेच जतन करा. त्यानंतर व्हीलॅनच्या ओळी 'शो रनिंग-कॉन्फिग' मध्ये नावांसह दिसू लागतील आणि पुढच्या प्रत्येक प्रतीतही येतील. व्हीलॅन.डॅट तेव्हाही फ्लॅशमध्ये असते, पण सुरू होताना स्विच स्टार्टअपमधला व्हीटीपी मोड आणि डोमेनचे नाव त्या डेटाबेसशी ताडून पाहतो. दोन्ही जुळले आणि मोड ट्रान्सपरंट असला तर डेटाबेस बाजूला ठेवून व्हीलॅनची माहिती स्टार्टअपमधून घेतो. न जुळल्यास १ ते १००५ साठी डेटाबेस ग्राह्य धरतो. म्हणून मोड बदलल्यावर जतन करणे टाळू नका, नाहीतर पुढच्या वेळी स्टार्टअप एक सांगेल, डेटाबेस दुसरे सांगेल आणि ऐकले जाईल डेटाबेसचे.

या मोडमध्ये व्हीलॅन आणि त्यांचे पोर्ट एकत्र जतन होतात किंवा एकत्र जातात, आणि 'रीलोड इन' चे संरक्षण व्हीलॅनलाही लागू होते. मोड बदलण्यापूर्वी एवढेच पाहा की आपल्या स्विचकडून व्हीलॅनची यादी घेणारा क्लायंट मोडमधला दुसरा एखादा स्विच जाळ्यात नाही ना. 'शो व्हीटीपी स्टेटस' प्रत्येक स्विचवर चालवून घ्या.